पीएसपी परत चार्ज होईना? बॅटरी मागवण्याआधी नारिंगी दिवा बघा

पुतण्याकडे सोनीचं हातात धरून खेळायचं गेमयंत्र आहे, पीएसपी. त्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं. "काका, पीएसपी परत चार्ज होईना."

या ‘परत’नं माझे बरेच पैसे खाल्ले. दर वेळी मी समजायचो की बॅटरी गेली. नवी मागवायचो, आठ-पंधरा दिवस यंत्र झकास चालायचं आणि पुन्हा फोन. तीन बॅटऱ्या घेऊन झाल्यावर एका रविवारी वीज मोजायचं मीटर घेऊन बसलो, तेव्हा उलगडा झाला. जुलैतला बिघाड वेगळा होता, दिवाळीतला वेगळा आणि मे महिन्यातला आणखी वेगळा. तक्रार मात्र तिन्ही वेळा त्याच शब्दांत, त्यामुळे इलाजही मी तोच करत बसलो. तीनपैकी एकच बॅटरी खरंच लागणार होती.

यंत्र आहे पीएसपी-२०००, म्हणजे ‘स्लिम’. धाकटा भाऊ वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता तेव्हा त्यानं हौसेनं घेतलेलं. पहिली पीएसपी जपानात डिसेंबर २००४ मध्ये आली, ही स्लिम २००७ ची, पुढची ३००० ही २००८ ची, आणि २०१४ मध्ये सगळं बंद झालं. त्यामुळे तुमच्याकडची मूळ बॅटरी कितीही जपून वापरलेली असली तरी तिचं वय दहा वर्षांच्या वरच आहे. हे खरं असलं तरी लगेच बॅटरीवर बोट ठेवू नका. मी तेच केलं होतं.

दिवा काय करतोय?

यंत्र बंद ठेवून चार्जर लावा आणि पॉवरच्या दिव्याकडे दोन मिनिटं नुसतं बघत बसा. चार्जिंग सुरू असलं की तो नारिंगी लागतो, पूर्ण झालं की विझतो. हिरवा म्हणजे यंत्र चालू आहे, आणि हिरवा लुकलुकायला लागला की बॅटरी संपत आली.

इथंच पहिली फसगत होते. दिवा लागत नाही म्हणजे चार्जर मेला, असं धरून चालतो आपण. पण बॅटरी भरलेली असली तरी दिवा लागत नाही. माझ्या भावानं एकदा एवढ्यावरूनच चांगला चार्जर कचऱ्यात टाकला. आधी यंत्र चालू करा, सेटिंग्जमध्ये सिस्टिम सेटिंग्जखाली बॅटरीची माहिती असते तिथं टक्के बघा, मग ठरवा.

टक्के कमी आहेत आणि दिवा अजिबात लागत नाही, तर संशय चार्जर, वायर, जॅक (यंत्रावरचं चार्जर लावायचं भोक) किंवा आतल्या फ्यूजवर. दिवा लागतो पण वायर हलवली की विझतो, तर जॅक नाहीतर वायर. तिसरं सहसा नसतं. दिवा लागून पाच-दहा सेकंदांत विझतो आणि टक्के तिथंच, तर बॅटरीच्या कडेच्या धातूच्या पट्ट्या, किंवा बॅटरी स्वतःच चार्ज घ्यायला नकार देतेय. दिवा सहा-सहा तास नारिंगीच राहतो, तर चार्जर अशक्त आहे किंवा बॅटरी म्हातारी. आणि दिवा वेळेत विझला, टक्के शंभर दिसले, पण गेम सुरू करून वीस मिनिटांत यंत्र गप्प झालं, तर मात्र खुशाल बॅटरीला दोष द्या.

दुसरी चाचणी याहून सोपी आणि फुकट. बॅटरी पूर्ण काढा, चार्जर लावा आणि यंत्र चालू करा. पीएसपी बॅटरीशिवाय नुसत्या अडॅप्टरवर चालते. ती तशी चालली, तर चार्जर, वायर, जॅक, फ्यूज सगळे एका झटक्यात निर्दोष. राहिली बॅटरी, तिच्या पट्ट्या आणि क्वचित बोर्डावरचा चार्जिंगचा भाग. ही चाचणी मला पहिल्या दिवशी कुणी सांगितली असती तर दोन बॅटऱ्यांचे पैसे वाचले असते. एकच काळजी घ्या, गेम अर्धवट असताना असं करू नका. वायर निसटली की सेव्ह गेलं.

दिवाळी: जॅकमध्ये भडंग

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या आमच्याकडे सांगलीला गावभागात होता. चार्जर लावला की दिवा लागे, हात सोडला की विझे. मग पोरानं युक्ती काढली. वायर वाकडी करून वर उशी ठेवायची. दोन दिवस उशीवर निभावलं, तिसऱ्या दिवशी तेही बंद.

मी सवयीनं बॅटरी मागवली. ती आली, घातली, चालली. का चालली ते नंतर कळलं. नवी बॅटरी अर्धी भरूनच येते, आणि नव्या वस्तूच्या भीतीनं पोरानं वायरही चार दिवस हळुवार लावली. श्रेय गेलं बॅटरीला.

जॅकमध्ये टॉर्च मारून बघायचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ते सुचवलं मोबाइल दुरुस्तीच्या एका पोरानं. त्यानं यंत्र हातात घेतलं, पीएसपी बघून आधी मनापासून हसला, आणि म्हणाला, "काका, आधी भोकात काय अडकलंय ते बघा की. मोबाइलात तर कायमच कचरा निघतोय."

जॅक खालच्या कडेला, उजव्या बाजूला असतो. आत मधोमध बारीक पिन, भोवती पोकळी. टॉर्च तिरका धरला तेव्हा तळाशी काहीतरी तांबूस, कागदासारखं चिकटलेलं दिसलं. लाकडी टूथपिकनं हळू उकरलं. निघालं शेंगदाण्याचं लाल साल, तेल पिऊन जॅकच्या भिंतीला घट्ट बसलेलं. सांगलीत सुट्टी म्हणजे पोराच्या एका हातात भडंगाची वाटी आणि दुसऱ्या हातात गेम. त्याच बोटांनी पिन लावायची, तीच बोटं परत वाटीत. त्या सालीमुळे प्लग मिलिमीटरभर बाहेर राहत होता. वाकडा दाबला की टेकायचा, सोडला की सुटायचा. उशीचं रहस्य एवढंच.

साफ करताना सुई, सेफ्टी पिन, स्क्रू ड्रायव्हर यातलं काहीही आत घालू नका. मधली पिन वाकली की जॅकच बदलावा लागतो. चार्जर काढलेला हवा, बॅटरीही काढलेली हवी. टूथपिकनं कचरा मोकळा करा, यंत्र उपडं धरून टिचक्या मारा, मग इअरबडचा कापूस थोडा पातळ करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करा आणि आतून फिरवा. अर्धा तास वाळू द्या. पेट्रोल नको, थिनर तर मुळीच नको, प्लास्टिक विरघळतं.

साफ केल्यावरही प्लग डुगडुगत असेल, तर जॅकचे बोर्डावरचे टाके सुटलेत. वर्षानुवर्षं वायर ओढून असं होतं. ते काम सोल्डरिंग येणाऱ्याकडे द्या. मोबाइलचे जॅक रोज बदलणाऱ्याला हे अवघड नाही. अवघड आहे ते स्क्रीनची पट्टी न तोडता यंत्र उघडणं, म्हणून आधीच बजावून ठेवा.

पावसाळा: पट्ट्यांवरची हिरवट झाक

जुलैचा बिघाड खरं तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला होता. त्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४५. आमचा तळमजला पाण्यात होता. पीएसपी माळ्यावर होती, तिला पाणी लागलं नाही. पण पुढं महिनाभर घराच्या भिंती घामेजलेल्या होत्या आणि त्या ओलीत ती एका बुटाच्या खोक्यात पडून होती. बॅटरी आतच.

लक्षण असं होतं की दिवा लागायचा आणि पाच-दहा सेकंदांत विझायचा. कधी टक्के ७०, बॅटरी काढून घातली की ४०, परत काढून घातली की यंत्र सुरूच होत नाही. बॅटरीच्या कडेला तीन सोनेरी पट्ट्या असतात. टोकाच्या दोन वीज देतात-घेतात, मधलीवरून बॅटरी यंत्राशी बोलते, म्हणजे किती भरली आहे वगैरे सांगते. त्यामुळे मधली पट्टी खराब झाली तरी वीज वाहत राहते आणि आकडे मात्र वेड्यासारखे येतात. मी आकड्यांवर भरवसा ठेवला आणि बॅटरीला वेड लागलं असं ठरवलं.

भिंग घेऊन बघितलं तेव्हा पट्ट्यांवर मळकट थर होता आणि यंत्राच्या खोबणीतल्या एका स्प्रिंगच्या टोकावर तांब्याच्या जुन्या भांड्यावर येते तशी हिरवट झाक. नवी बॅटरी घातली की तिच्या कोऱ्या पट्ट्या त्या स्प्रिंगांवर घासायच्या, थर थोडा खरवडला जायचा आणि काही दिवस सगळं सुरळीत चालायचं. मग परत थर. जुनीच बॅटरी चार-पाच वेळा काढून घातली असती तरी हेच झालं असतं!

इलाज आहे शाळेचं पांढरं खोडरबर. बॅटरीच्या पट्ट्या त्यानं चमकेपर्यंत घासा, भुगा झटका, अल्कोहोलनं पुसा. घासताना हातात अंगठी किंवा धातूचं काही नको, दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या गेल्या तर बॅटरी तापते. खोबणीतल्या स्प्रिंगांना रबर पोचत नाही. तिथं इअरबड आणि सबुरी. एखादी स्प्रिंग बाकीच्यांपेक्षा खाली दबलेली दिसली तर टूथपिकनं केसभर वर उचला. केसभर म्हणजे खरंच केसभर. मी जोर केला आणि घाम फुटला होता. सॅंडपेपर वापरू नका. सोनेरी मुलामा निघाला की खालचा धातू दर पावसाळ्यात हिरवा होणार.

चार्जर आणि वायरींचा गोंधळ

मूळ अडॅप्टर ५ व्होल्टचा. जुन्या जाड पीएसपीबरोबर २ अँपिअरचा यायचा, नंतरच्यांबरोबर दीड अँपिअरचा. प्लग बाहेरून ४ मिलिमीटर, आतलं भोक १.७, आणि मधली बाजू अधिक (+). याच प्लगचा कुठलाही ५ व्होल्टचा चालतो. अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, यंत्र हवे तेवढेच घेतं. व्होल्ट जास्त चालत नाहीत. दिसायला अगदी तसाच प्लग ९ आणि १२ व्होल्टच्या अडॅप्टरनाही असतो, जुन्या छोट्या डीव्हीडी प्लेअरना वगैरे. तो एकदा लावला की आतला फ्यूज उडायचा. म्हणून घरातल्या अडॅप्टरांच्या पिशवीतून अंदाजानं उचलू नका, मागचं बारीक अक्षर वाचा.

सध्या सोपं म्हणजे एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला हा बारीक प्लग अशी वायर मिळते. मोबाइलच्या साध्या २ अँपिअर चार्जरला ती लावली की झालं. कॉम्प्युटरच्या पोर्टला लावलीत तर तिथून जेमतेम अर्धा अँपिअर मिळतो. बंद यंत्र सावकाश भरेल, पण खेळत खेळत भरायला गेलात तर टक्के उलटे उतरतील. टाइप-सी टोकाच्या स्वस्त वायरींची आणखी एक गंमत. टाइप-सी चार्जर समोरून ठरावीक खूण मिळाल्याशिवाय वीज सोडतच नाही, आणि या वायरींमध्ये बऱ्याचदा ती खूण देणारा रेझिस्टर नसतो. दिवा लागत नाही, आपण जॅक साफ करत बसतो. आणि ‘९ व्होल्ट’, ‘१२ व्होल्ट’ लिहिलेली वायर असेल तर ती हातातही घेऊ नका.

२००० आणि ३००० मध्ये यूएसबी चार्ज नावाचं सेटिंग आहे. मिनी यूएसबी वायरीनं कॉम्प्युटरला जोडून चार्ज करता येतं. पण त्यासाठी यंत्र चालू लागतं. बॅटरी पार संपलेली असेल तर यंत्र चालू होत नाही, आणि चालू होत नाही म्हणून चार्ज होत नाही. या चक्रात अडकलात तर अडॅप्टरच हवा. जाड पीएसपी-१००० मध्ये ही सोयच नाही, तिच्या मालकांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

मे: या वेळी बॅटरीच

दिवा नीट लागला, दोन-अडीच तासांत विझला, आणि मेमरी स्टिकवरचा गेम तासभर चालला. पण यूएमडी, म्हणजे पीएसपीच्या गेमची छोटी डिस्क घातली, ती आत घरघरली, आणि यंत्र ठप्प. परत चालू केलं तर ५५ टक्के. ही खूण लक्षात ठेवा. डिस्क फिरवायला मोटर अचानक जास्त वीज ओढते. थकलेल्या बॅटरीत वीज असते, पण ती झटक्यात देण्याची ताकद नसते. व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि यंत्र समजतं की संपली. स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवला किंवा वायफाय सुरू केलं तरी असंच होतं.

तीनशे-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवून टोकाच्या दोन पट्ट्यांना टोकं लावा. आकडा उणे आला तर टोकं उलटी आहेत, एवढंच. चार्जिंगवरून नुकतीच काढलेली बॅटरी ४.१ ते ४.२ दाखवते. ३.६ ते ३.८ म्हणजे मधली स्थिती. ३ च्या खाली म्हणजे रिकामी. माझी मे महिन्यातली बॅटरी चार्जिंगवरून काढल्यावर ४.१४ होती, आणि नुसती टेबलावर ठेवली असता दुसऱ्या दिवशी सकाळी ३.७१. कुणी न वापरता रात्रीत एवढी उतरणारी बॅटरी संपली म्हणायची.

मीटरवर ० आलं तर लगेच टाकू नका. लिथियम बॅटरी फार खाली गेली की तिच्यातलं संरक्षक सर्किट दार बंद करतं. साफ पट्ट्यांनी, चांगल्या अडॅप्टरवर तासभर लावून बघा. काही वेळा दार उघडतं. तासाभरानं दिवा आणि मीटर दोन्ही गप्प असतील तर नाद सोडा. दुसऱ्या बॅटरीच्या वायरी जोडून ‘झटका’ द्यायचे व्हिडिओ आहेत, ते करू नका. बराच काळ तळाला गेलेल्या सेलमध्ये आतून बिघाड झालेला असतो. तो पुन्हा जोर लावून भरला तर आतल्या आत शॉर्ट व्हायची भीती.

आणि मागचं झाकण नीट बसत नसेल, बॅटरी टेबलावर ठेवून बोटानं फिरवली तर भोवऱ्यासारखी फिरत असेल, तर ती फुगली आहे. तिच्यावर वरची एकही चाचणी करायची नाही. चार्ज करायची नाही, टोचायची नाही, घंटागाडीत तर द्यायचीच नाही. पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून, जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्या दुकानात द्या.

नवी घेताना: मूळ स्लिमची बॅटरी १२०० एमएएच, जाड पीएसपीची १८००, दोन्ही ३.६ व्होल्ट. जाडवाली स्लिमच्या झाकणाखाली बसत नाही. स्लिमच्याच मापात ‘३६००’ लिहिलेली बॅटरी कुणी देत असेल तर ते आकडे फक्त कागदावर छापलेले आहेत. त्याच जागेत तिप्पट वीज कुठून येणार? माझी दुसरी बॅटरी अशीच होती. जुनीपेक्षा हलकी होती आणि चालायची जुनीच्या निम्मी. ‘ओरिजिनल, सीलपॅक’ म्हणून विकतात त्यांचंही तसंच. उत्पादन बंद होऊन दहा वर्षं उलटली; ती एकतर नक्कल असेल किंवा दहा वर्षं गोदामात म्हातारी झालेली असेल. मी आता आकडा खरा लिहिणारी साधी नक्कल घेतो आणि परत करायची मुदत संपायच्या आत मीटर लावून बघतो.

फ्यूजचं थोडक्यात. चांगला अडॅप्टर, साफ जॅक, बॅटरी काढलेली, तरी यंत्र निपचित असेल, तर जॅकजवळचे तांदळाच्या दाण्याएवढे फ्यूज मीटरच्या बीपवर तपासायचे. बीप नाही म्हणजे उडाला. त्या जागी तार जोडून देणारे भेटतील. नाही म्हणा, तेवढ्याच मापाचा फ्यूज बसवायला सांगा.

आता पुतण्याची शाळा सुरू झाली की पीएसपी आमच्याकडे राहते. बॅटरी साधारण निम्मी भरून बाहेर काढायची, झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवायची, आणि माळ्यावर नाही, कपाटात. नव्या बॅटरीवर मी मार्करनं घेतल्याची तारीख लिहिली आहे आणि खाली दर महिन्याचा मीटरचा आकडा. ३.८२, ३.८१, ३.८०. गेल्या रविवारी परत फोन आला. विचारलं, "दिवा काय करतोय?"

जरा वेळ शांतता. मग, "थांबा, भोकात बघतो."